झडती

चांदीचा चमचा एक, दांड्यावर द्राक्षवेल कोरलेली,
शनिवारी रात्री मोजताना कमी भरला.
रविवारी साहेब चर्चमधून आले
आणि मला बोलावणं: दौत, बोरू, कोरे बंद घेऊन या.
माझं काम लिहायचं. सापडेल ते लिहायचं.

कोल्हापूरच्या छावणीकडचा तो बंगला.
तबेल्यामागं पत्र्याची चाळ, सहा खोल्या,
मुदपाकखान्याच्या दारापासून बावीस पावलं.
पाच वर्षांत मडम पहिल्यांदाच तिथं आली,
नाकाला रुमाल, छत्रीचं टोक तांबड्या मातीत रुतलेलं.
आत डोकावून काहीतरी विचारलं तिनं. मला समजलं.
खिडक्या कुठं आहेत, असं विचारत होती.
भाषांतर करा म्हणून कुणी सांगितलं नाही.

पेट्या अंगणात आल्या, उन्हात.
कापूर, तंबाखू, ओलं कांबळं.

इनास बटलर:
पितळी बटणांचा काळा कोट, तो बंगल्याचा.
स्वतःची म्हणावी अशी जपमाळ,
आणि मेणबत्त्यांचे बुडखे, बोटाएवढे, एकवीस.
साहेबांनी भुवई उचलली. बुडखे मेजावरचेच होते.
"अंधाराचं भ्या वाटतं," इनास म्हणाला,
साठीचा माणूस,
सगळ्यांच्या देखत.

कासम खानसामा. पेटी नाही, पोतडी.
जायफळं दोन. सुरी एक, पदरच्या पैशाची.
सुताचा गुंडा, ठिकठिकाणी गाठी.
"हे काय?"
"पुडिंग हाय, हुजूर."
मोठी गाठ अंडं, बारीक गाठ साखर,
दोन गाठींत अंतर असेल तेवढा वेळ विस्तव.
लिहिता न येणाऱ्याची वही मी कशी लिहावी?
लिहिलं: दोरा, वापरलेला.

सोनाक्का आया, राहणार कागल.
लुगडी दोन, एक विटलेलं.
खणाची चोळी, न घातलेली.
जोतिबाचा गुलाल, पुडीत.
रुपये सहा, नव्या राजाचे, बोडक्या डोक्याचे,
चिंधीच्या तीन पदरांत.
आणि विलायती गोळ्यांची रिकामी डबी.
रिकामी नव्हती.
आत कापसावर दुधाचा दात,
धाकट्या साहेबाचा,
ज्याला गेल्या चैत्रात बोटीवर चढवून दिलं
आणि ज्यानं तिचा पदर सोडवून घेऊ दिला नव्हता.

"काय आहे ते?" साहेब.
सोनाक्का माझ्याकडं बघत नव्हती. बोरूकडं बघत होती.
मी म्हणालो, सुपारीचं खांड.
आणि लिहिलंही तेच.
मोडीत हात न उचलता लिहितात,
खोटं मध्ये अडखळत नाही.

मडमेनं डबी घेतली. कानाशी नेऊन हलवली.
मग झाकण घट्ट बसवलं,
दोन्ही अंगठ्यांनी दाबून,
आणि परत दिली.

येसबा पंखेवाल्याला खोली नव्हती.
पेटी कुठं म्हटल्यावर त्यानं व्हरांड्याची भिंत दाखवली,
दोरी जाते ते भोक.
बोट घालून काढली चुन्याची डबी,
बिडीचं थोटूक,
आणि तिसरं काहीतरी, जे मुठीतच राहिलं.
"उघड."
त्यानं उघडली नाही. नुसता उभा राहिला,
अंगठ्याला दोरीचा घट्टा पडलेला पाय पुढं करून.
जेवणाची घंटा झाली. साहेबांना भूक होती.
मी लिहिलं: मूठ, एक.

चमचा बुधवारी सापडला,
भांडी घासायच्या राखेत.
ते सांगायला बावीस पावलं कुणी चाललं नाही.
मला एवढाच निरोप: ते बंद फाडून टाका.

फाडले नाहीत.
कारकुनाची पेटी त्या दिवशी कुणी उघडली नव्हती.
आता उघडली
तर तळाशी, धोतराच्या घडीखाली,
बंगल्याचा ऐवज निघेल: कागद, चार बंद,
शाई जरा पसरलेली,
एका ठिकाणी, सुपारीपाशी.