तीन बाय दोन

त्या दूरच्या शहरात स्फोट झाला तेव्हा
रात्री दोनपर्यंत मशीन चालू होतं माझं.
चाळीस फ्लेक्स, दहा बाय आठ,
काळी किनार, मेणबत्ती, 'आम्ही विसरणार नाही'.
शहराचं नाव तिघांनी तीन तऱ्हेनं लिहून आणलं,
मी तिन्ही छापली.
राजवाड्यापासून मरीमातेपर्यंत
एक खांब रिकामा उरला नाही.

सियागंजात सायकलला अडकवलेला डबा फुटला
तेव्हा एकच जण आला.
रुस्तम पिंजाऱ्याचा मुलगा.
तीन बाय दोन म्हणाला, फोटो लायसन्सवरचा.
खाली काय लिहू विचारलं तर
बराच वेळ माझ्या पंख्याकडे बघत राहिला.
"नाव लिहा. आणि, गाद्या भरायचे."

पेपरात पाचव्या पानावर, नळाच्या वेळापत्रकाखाली:
माथेफिरू तरुण.
गल्लीत: पोरगं तसं नव्हतं हो, संगत वाईट.
त्या दूरच्या पोरांची संगत
कुणी विचारली नव्हती. मीही नाही.

फ्लेक्स दुसऱ्या दिवशी कुणीतरी उतरवला.
मग दिसला एका स्कूटरवर, धुळीसाठी झाकलेला,
उलटा, पांढरी बाजू वर.

खरं सांगायचं ते हे, भिया:
डबा ठेवणाऱ्याचा फोटो माझ्याकडे आहे.
'वाढदिवस' नावाच्या फोल्डरात,
गॉगल, हार, मागे सिंह, मीच जोडलेला.
बारा बाय दहा.
पैसे रोख दिले होते. वर पेढे.
पोलीस आले नाहीत विचारायला.
मी पुसत नाही.
दाखवतही नाही.