बारा मायक्रोन्यूटन

बेझाँसोंमध्ये नदी गावाला वळसा घालते
आणि जवळजवळ स्वतःपाशीच परत येते.
आमची प्रयोगशाळा वर टेकडीवर.
टेबल दगडाचं, हवेच्या उशीवर ठेवलेलं,
खालून ट्राम गेली तर त्याला कळू नये म्हणून.

दोन बोटं आहेत, सिलिकॉनची,
केसाएवढ्या जाडीची.
एक बोट ढकलतं.
दुसरं काही करत नाही, फक्त सोसतं,
आणि किती सोसलं ते सांगतं.
आमच्या घरात आई होती तशी,
पण तिच्याकडून कधी आकडा मिळाला नाही.

तळहाताच्या फोडासारखं जपायचं, म्हणतात.
इथे तळहातच नाही.
एक थेंब, आणि थेंबात उंदरीची बीजपेशी,
शिजलेल्या साबुदाण्यासारखी, अर्धी पारदर्शक.
पडद्यावर हिरवी रेघ चढते:
तीन, पाच, आठ.
बाराला मी थांबते.

बारा म्हणजे किती, वडिलांनी विचारलं होतं.
मी कागदावर हिशेब केला,
म्हटलं, बाबा, तुमच्या बारीकातल्या बारीक स्क्रूचं वजन,
साधारण तेवढं.
"मग चांगलंच जड आहे," म्हणाले.

एकेचाळीस वर्षं घड्याळांच्या कारखान्यात
खिडकीपासून तिसऱ्या जागेवर बसले आर्माँ जानरो.
चिमट्याची टोकं दर सोमवारी स्वतः घासायचे,
दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.
घट्ट धरलं की उडतं, एवढंच शिकवायचे नवख्यांना.
आणि उडालंच, तर अख्खी रांग
काही न बोलता गुडघ्यांवर यायची.
कारखाना बंद झाला, फरशी उखडली,
तेव्हा फटींतून मूठभर स्क्रू निघाले.
ते अजून आहेत, जॅमच्या बरणीत,
धुळीसकट.

तिबोच्या हातून परवा एक पेशी फुटली.
आवाज नाही, काही नाही.
रेघ खूप वर चढली आणि एकदम जमिनीवर आली.
सोसणारं बोट सरळ झालं,
जणू काही झालंच नव्हतं.
"पार्दों," तिबो म्हणाला. मला नव्हे, पेशीला.
मी हसले नाही. वहीत लिहिलं:
नमुना एकतीस. फुटला. अकरा वीस.

पण धरणं जमतं एकदाचं.
अडतं ते सोडताना.
इतक्या लहान जगात वजनाला कोणी विचारत नाही.
बोटं उघडली तरी पेशी खाली पडत नाही,
गुळाला मुंगळा तशी एका बोटाला चिकटून राहते.
रेघ शून्यावर.
यंत्र म्हणतं, काही धरलेलं नाही,
आणि भिंगाखाली ती तिथेच.

रविवारी वृद्धाश्रमात हे सांगितलं.
वडील कॉफीत साखरेचा खडा टाकत होते,
म्हणजे टाकायला निघाले होते,
खडा बशीत पडला, मग टेबलावर, मग माझ्या मांडीत.
"तेलाने माणिक चिकटायचं चिमट्याला," ते म्हणाले,
"नखाने टिचकी मारायची मागून. हलकी.
मला आता मारावी लागत नाही.
माझ्या हातून सगळं आपोआप सुटतं."
आणि हसले, खोकला येईपर्यंत.

सोमवारी त्या बोटाला
अगदी क्षणभर थरथर दिली.
तिसऱ्यांदा ती निघाली.
अहवालात टिचकी लिहिता येत नाही,
तिथे तीन ओळींचं वेगळं नाव द्यावं लागलं.

पेशी थेंबाच्या तळाशी गेली, एकदा वळली.
तिच्या दोन्ही कडांवर बोटांचे खळगे दिसत होते.
तिबो म्हणाला, पुढची घेऊ या?
थांब म्हटलं.
खळगे भरून येताना पाहत बसलो आम्ही.
चाळीस सेकंद लागले,
माझ्या मनगटावरच्या घड्याळात,
जे दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं
आणि जे मी दुसऱ्या कुणाला उघडू देत नाही.