एकोणीस महिने अजून

फोन सोडवायला फोनच करावा लागतो,
आणि तोही त्याच फोनवरून.
लिनेट सॉवरबी मागच्या दाराच्या पायरीवर बसलीये,
ग्रिम्सबीतल्या त्या भाड्याच्या घरात रेंज फक्त तिथेच येते,
तीही दार अर्धं उघडं ठेवलं तर.
बॅटरी एकतीस टक्के.
कानात एक पियानो, गेली वीस मिनिटं
एकच जिना चढतोय आणि घसरतोय.

बोटांना हॅडकचा वास आहे.
साबणाने जात नाही, लिंबाने जात नाही,
अकरा वर्षांत गेला नाही.
हल्ली फक्त आठवड्यातून तीनच दिवस ताजा होतो.
बाकीचे दोन दिवस कारखान्याने काढून घेतले,
एका ओळीच्या मेसेजने.

मांडीवर करार. चौदा पानं.
शेवटच्या पानावर सही तिचीच,
शेपटीला ऐटदार वळण दिलेलं.
त्या दिवशी कीली चौदाची झाली होती,
आणि दुकानातला पोरगा इतका गोड बोलला
की आकडाही गोड लागला: महिन्याला सत्तेचाळीस पौंड.
छत्तीस महिन्यांचे मिळून किती, हे तिने विचारलं नाही.
छत्तीस महिन्यांनी पोरगी सतराची होईल,
एवढा एकच हिशेब तिने केला होता.

पियानो थांबतो.
‘मी ग्विलिम बोलतोय. आम्हाला सोडून का जाताय?’
जणू ती नवऱ्याचं घर सोडून निघालीये.
ती कारणं सांगते. रेंज नाही म्हणते.
तो तिला जास्त रेंजचा प्लॅन देऊ करतो.
फोन जुना झाला म्हणते.
तो तिला नवा देऊ करतो, पाच पौंड जास्त फक्त.
बाहेर पडायचंच असेल तर
एकोणीस महिने उरलेत, आठशे त्र्याण्णव पौंड,
एकरकमी.

भीक नको, पण कुत्रा आवर.

समोरच्या कुंपणावर एक सीगल बसलाय,
पावाच्या रिकाम्या पिशवीत चोच घालून.
ती त्याच्याकडे बघत बघत बोलते,
ग्विलिमशी नाही, त्या पक्ष्याशी:
‘मला परवडत नाही.’

हे वाक्य तिने घरमालकाला सांगितलं नव्हतं,
बहिणीला नाही.
गॅसच्या मीटरसमोर नाणं हातात धरून उभी असतानाही
स्वतःशी नाही.
इतकं छोटं आहे, याचंच तिला आश्चर्य वाटलं.
तीन शब्द. काट्यासारखे निघाले,
थोडं रक्त आलं, बस.

पलीकडे कीबोर्ड वाजायचा थांबला.
मग ग्विलिमचा आवाज खाली आला, कागदावरून उठून माणसाचा झाला:
‘ऐका. सोडायचंय म्हणू नका.
सोडायचंय म्हटलं की फोन माझ्याकडे येतो,
आणि मला तुम्हाला सोडायला मनाई आहे.
अडचण आहे म्हणा.
अडचणीचं खातं वेगळं, तिथली माणसं वेगळी.
मी जोडून देतो. मी सांगितलं म्हणून सांगू नका.’

पुन्हा पियानो. बॅटरी नऊ टक्के.
मग एक बाई, नाव नीट कळलं नाही,
तिने भाडं विचारलं, पगार विचारला, बसचे पैसे विचारले,
आणि डॉक्टरसारखं, न चिडता, ‘अजून काही?’
फोन परत पाठवा म्हणाली, खोकं असेल तर खोक्यात.
उरलेल्याचं महिन्याला आठ पौंड बसतील बहुतेक.
पत्राने कळवू.

बहुतेक.
लिनेटने तो शब्द कराराच्या मागे लिहून ठेवला,
संदर्भ क्रमांकाच्या खाली.

आता कीलीला सांगायचं.
जिन्याच्या वरच्या पायरीवर दोन पाय दिसतात,
मोज्याला अंगठ्याशी भोक.
आणि तेव्हा तिच्या लक्षात येतं:
सव्वा तास हा फोन तिच्या कानाला होता,
चौदा नाही, आता साडेपंधरा वर्षांच्या पोरीचा फोन,
आणि एकदाही थरथरला नाही.
ना मेसेज, ना फोटो, ना कुणाचं हसू.

ती पडदा सरकवून बघते.
सगळं काढून टाकलेलं.
पहिल्या दिवशी असतं तसं निळं, कोरं.

वरून आवाज येतो,
‘खोकं माझ्या कपाटात आहे.
मी टाकलं नव्हतं.’