पोटहिस्सा

मोजणी खात्यात बाबांना सगळे सर्व्हे-सुर्वे म्हणत.
खांद्यावर साखळी, कानामागे पेन्सिल.
दांडिया बाजारापासून मांडवीपर्यंत अशी गल्ली नव्हती
जिथं वीतभर हद्दीसाठी भांडणारे दोन भाऊ
त्यांनी ऐकून घेतले नव्हते.
विश्वामित्रीच्या काठावर मगर ऊन खात पडलेली,
आणि हे पंधरा फुटांवर खुंटी ठोकत उभे –
ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली
की मगर घरातलीच वाटायची.

आता त्यांना बाथरूम सापडत नाही.
रात्री अडीचला भिंतीवरून हात फिरवत
दार शोधतात, नाही मिळालं की तिथंच, कोपऱ्यात.
मी फडकं घेऊन उभी राहते
आणि मला राग येत नाही.
राग यायला हवा, एवढं फक्त आठवतं.
राग, भूक, पाडव्याचं श्रीखंड,
सगळं सुरसागरातल्या शंकरासारखं:
दिसतं. पण मधे पाणी.

फ्रिजवर गोळ्यांचे दोन डबे आहेत.
त्यांचा निळा, माझा पांढरा.
त्यांचं काय हरवतंय ते डॉक्टरांनी फिल्मवर दाखवलं,
अक्रोडासारखं, सुकत चाललेलं.
माझं फिल्मवर येत नाही.
मावशी म्हणते, जरा देवळात जात जा.

कारेलीबागेतल्या केंद्रात हेतलबेन म्हणाल्या,
त्यांना खोटं पाडू नका.
आई वाट बघतेय म्हणाले, तर
आई जाऊन चाळीस वर्षं झाली असं सांगू नका,
दर वेळी नव्यानं सुतक येतं त्यांना.
विचारा, आई आज काय रांधतेय?
आणि हातांना काम द्या. हात उशिरा विसरतात.
मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत:
तुम्ही किती झोपता, कुंदाबेन?
मला काय धाड भरलीय, मी म्हटलं.
त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

मंगळवारी खुर्च्या गोल मांडलेल्या.
सात बायका, एक रिटायर मास्तर.
कोणी बोलेना. चहा निवत गेला.
मग मास्तर म्हणाले,
काल मी तिला चिमटा काढला. मुद्दाम.
कोणी त्यांना उठून जा म्हटलं नाही.

घरी येऊन मी जुना टेप शोधला, चौकटीचा कागद, पेन्सिल.
"साहेब, या घराची मोजणी राहिलीय."
बाबांची पाठ ताठ झाली.
टेपचं टोक मी धरलं, त्यांचा शिपाई धरायचा तसं.
"ढील नको!" ओरडले माझ्यावर,
किती वर्षांनी.
स्वयंपाकघर नऊ बाय अकरा. पुढची खोली. मागची.
मग मागच्या खोलीपलीकडे,
जिथं शेजाऱ्यांची भिंत आहे,
त्यांनी आणखी एक खोली काढली.
इथं खोली नाही, हे ओठांवर आलेलं
मी गिळलं.
"इथं कोण राहतं, साहेब?"

"मुलगी. माझी.
दिवसभर कामात असते, रात्री इथं येऊन बसते.
रडत नाही. रडली तर बरं.
खिडकी दाखवायची राहिली."
पेन्सिलीचं टोक जिभेला लावून त्यांनी खिडकी काढली
आणि आत बारीक अक्षरात लिहिलं: पोटहिस्सा.
मग मान वर करून,
"तुम्ही कोण? भाडेकरू?"

हो म्हटलं मी. खोटं कशाला पाडा.

बाथरूमच्या दारावर आता लाल बाण आहे,
हद्दीच्या दगडावर ते काढायचे तसा.
परवा रात्री सापडलं.
काल नाही.
काल फडकं घेऊन उभी होते आणि मला राग आला,
चांगला खणखणीत, कानशिलं तापवणारा राग.
मंगळवारी सांगेन.