टोकाचा फड

पांझरेच्या बंधाऱ्यापासून शेवटच्या फडापर्यंत
चालत जातो हिलाल पाटकरी,
फावडं खांद्यावर, चपला हातात.
पाणी आधी टोकाला, मग वरच्यांना.
हे कुठे लिहिलेलं नाही.
शेत ज्याचं त्याचं,
पण यंदा ऊस कुठल्या फडात, हे ठरवणार सगळे.

जगतरावनं बोअर मारली. तीनशे फूट.
गाळ काढायच्या दिवशी माणूस धाडला नाही,
पाटकऱ्याच्या वाट्याची पायली नाही.
म्हणाला, मनं पानी मनं शे.

हिलाल गप्प.
पाट कुठे गळतो ते त्याला ठाऊक.
बरोबर जगतरावच्या बांधाला,
खेकड्यांच्या बिळांतून
रात्रंदिवस, बारी नसतानाही.
चिखलाचे चार गोळे पुरले असते.
त्यानं ते थापले नाहीत.

मग एकेक करत सगळेच शहाणे झाले.
गाळाला आले नऊ जण,
पुढल्या साली चार,
मग हिलाल आणि त्याची पाटी.
पाणी तिसऱ्या फडाशी येऊन बसलं,
थकलेल्या बैलासारखं.

चैतात जगतरावची मोटर
वारा ओढायला लागली.

आज झुंजूमुंजू, पाटात कुणीतरी
गुडघाभर गाळात, खोरं मारतंय.
मान वर नाही.
हिलाल काठावर उभा, बिडी अर्धी.
"कितला दिन लागतीन?" खालून.
"खेकडासले इचार,"
म्हणतो हिलाल,
आणि चपला काढून ठेवतो.