केम्बल, शनिवार

धावपट्टीच्या टोकाशी, गवत कुणी कापत नाही तिथे
ती उभी आहे, चार इंजिनांची.
शाळेत विमान नपुंसकलिंगी होतं.
पेनफोल्ड तिला 'शी' म्हणतो;
आधी वाटायचं, नावं ठेवतोय.
आता माझ्याही तोंडात तीच बसली आहे.

आम्ही पाच जण. बादल्या, स्पंज, फ्लास्कमधला चहा.
पोटाखालचं शेवाळ खरवडून मान इतकी अवघडते
की रविवारी चर्चमध्ये
मॉरीनला वर बघता येत नाही.

तीन नंबरच्या इंजिनात
भोरडीच्या इथल्या कुणा चुलत बहिणीनं घर केलंय.
पिल्लं उडेपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही,
एकमतानं ठरलं.
तसे इंधनाला पैसेही नव्हते.

'तू हिच्यातूनच आलास का रे?' नवीन माणूस हमखास विचारतो.
नाही. मी आलो दोन इंजिनांच्या स्वस्त विमानातून,
दोह्याला बदलून, मधल्या सीटवर, झोपेत.
मग दर शनिवारी स्विंडनहून कशाला जातोस,
घरी विचारतात.
मी गाडीची किल्ली शोधत राहतो.

महिन्यातून एकदा चाकं फिरवायची,
नाहीतर टायर एका जागी बसून चपटे होतात.
'आमच्यासारखे,' ग्विलिम म्हणतो.
उसना ट्रॅक्टर, दोरखंड, हाकारे:
हां, हां, अजून, अजून थोडं...
बस!
पंख किंचित हलतात. कुणीच बोलत नाही.

पेनफोल्ड हात पुसून वही काढतो.
हवा: ढगाळ.
निघालो: केम्बल.
पोचलो: केम्बल.
अंतर: दोन हात.