गाडी रात्री कुठे असते?

विम्याच्या फॉर्मवर सातवा प्रश्न हाच आहे.
गॅरेजमध्ये, आवारात, की रस्त्यावर?
तीन चौकोन. एकावर खूण करा.

आई, आपल्या गल्लीत गॅरेज
कुणाच्या बापजाद्यांनी पाहिलं होतं?
गिरणीवाल्यांनी घरं बांधली ती माणसं निजवण्यापुरती,
हॅलिफॅक्सच्या चढावर, खांद्याला खांदा लावून.
दार उघडलं की थेट फुटपाथ.
मागच्या अंगणात जायचं तर अकरा दगडी पायऱ्या,
तिथून तर तुझी खुर्चीसुद्धा कधी गेली नाही.

पहिली गाडी खिडकीखालीच असायची.
मनगटाएवढी साखळी, दोन कुलपं, वर राखी कव्हर.
तू म्हणायचीस, एवढे दागिने मी लग्नातही घातले नव्हते.
एका रविवारी पडदा सारला, तर फुटपाथवर
नुसतं कव्हर. नीट घडी घातलेलं.
कापलेली साखळी त्यावर ठेवलेली,
वाऱ्यानं उडू नये म्हणून.
पोलिसांनी मला एक नंबर दिला.
तू म्हणालीस, बरं झालं, ब्याद गेली,
आणि दुपारभर माझ्याशी बोलली नाहीस.
रडू आलं की तू अशीच गप्प बसायचीस.

मग दीड वर्ष बस.
बेकरीतली रात्रपाळी सुटायची पहाटे चारला
आणि पहिली बस पावणेसहाला.
अंगाला पिठाचा वास, थांब्यावर मी आणि एक कोल्हा.

मार्चमध्ये तू गेलीस.
दवाखान्याची माणसं आली, पलंग घेऊन गेली,
गालिच्यावर चार खळगे राहिले.
आणि दारातला तो उतार,
कौन्सिलनं तुझ्या खुर्चीसाठी दिलेला,
तो न्यायला कुणी आलं नाही.

मेमध्ये मी गाडी घेतली. जुनीच, हिरवी.
दाराची रुंदी एकोणऐंशी, हँडलची एक्याऐंशी.
आरसे काढले, टोकांची वजनं काढली,
तरी नखभर अडत होतं.
मग आत घेतली तशीच, जशी तुला घ्यायचे:
जरा तिरकी, जरा शिवी,
आणि चौकटीचा थोडा रंग.

शेजारचा विल्फ सग्डेन, ऐंशीचा, ड्रिल घेऊन आला.
लाकडाखाली दगड निघाला. तीन पाती मोडली.
लोखंडी कडं बसलं ते बरोबर
तुझी उशी असायची तिथं.
आता चोरांना घरच न्यावं लागेल, विल्फ म्हणाला,
आणि चहात तीन चमचे साखर घातली.

खाली जुना ट्रे ठेवलाय, तेल गळलं तर.
पडदे बंद. पेट्रोलचा वास येतो,
खिडकी वरून बोटभर उघडी ठेवते.
पाहुणे विचारतात, बसायचं कुठे?
मी स्वयंपाकघर दाखवते.

पण खरं सांगू का,
पहाटे येऊन मी वर अंथरुणावर पडते,
आणि खाली इंजिन निवत असतं,
टिक्, टिक्, मग जरा थांबून, टिक्.
कान देऊन ऐकते.
तुझ्या यंत्राचं ऐकायचे तशी.
फरक एवढाच की हे थांबलं
तर धावत खाली जावं लागत नाही.

काल कौन्सिलचा माणूस आला. शब्बीर नाव, हातात यादी.
श्रीमती हेब्लथ्वेट यांचा उतार काढायचा आहे, म्हणाला.
त्यावर टायरचे काळे पट्टे होते, दोन्ही दिशांचे.
तो वाकला, पाहिलं, आत गाडीकडे पाहिलं.
कितीशे सीसी?
पाचशे.
मान हलवली. यादीत काहीतरी लिहिलं.
जाताना म्हणाला, अजून वापरात आहे असं टाकलंय.
पुढच्या वर्षी बघू.

फॉर्म टेबलावर आहे.
तीन चौकोन अजून कोरे.
खाली बारीक अक्षरात 'इतर' आहे, एक ओळ मोकळी.
मी लिहिलं: आईच्या खोलीत.
खोडलं. पुन्हा लिहिलं.